दोन हेलिक्सांमधले अंतर: रोगकारक जीवाणूंतील जनुक नियमन आणि प्रथिनांची रचना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: जीवाणूचा संपूर्ण जनुकक्रम आज सहज वाचता येतो, कोणते नियामक प्रथिन कोणत्या जनुकाशेजारी डीएनएवर बसते हेही प्रयोगाने ठरवता येते, मग त्या प्रथिनाची त्रिमितीय रचना अणूगणिक ठरवण्याचा खटाटोप कशासाठी, आणि रोग होण्याशी त्या रचनेचा नेमका संबंध काय? प्रथिनांच्या स्फटिकरचना ठरवणे (म्हणजे प्रथिनाचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्यातील अणूंच्या जागा शोधणे) हेच माझे काम असल्याने हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो रास्त आहे. जनुकक्रमावरून कोणते प्रथिन आणि कोणते जनुक हे कळते, पण जनुक केव्हा चालू होईल हे कळत नाही. रोगकारक जीवाणूच्या बाबतीत या ‘केव्हा’वरच बहुतेक सारे अवलंबून असते. विष तयार करणे, पेशीत शिरणे, पेशीतून बाहेर पडणे ही सगळी खर्चाची कामे आहेत; ती पाण्यात किंवा मातीत असताना केली तर जीवाणू इतरांच्या मागे पडतो आणि शरीरात शिरल्यावर केली नाहीत तर मारला जातो. आपण शरीरात आहोत की बाहेर, याची खबर जनुकांपर्यंत पोहोचते ती मुख्यतः नियामक प्रथिनाच्या आकारात होणाऱ्या बदलातून, आणि हा बदल अनेकदा अगदी थोडासा असतो.

तो थोडासा बदल पुरेसा का ठरतो हे समजण्यासाठी डीएनएची मोजमापे लक्षात घ्यावी लागतात. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा एक पूर्ण वेढा साधारण १०.५ बेस-जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएची ‘अक्षरे’) असतो आणि त्याची लांबी सुमारे ३.४ नॅनोमीटर भरते. जीवाणूंतील बहुतेक नियामक प्रथिने जोडीने, म्हणजे डायमर स्वरूपात, काम करतात. जोडीतील प्रत्येक घटकात दोन लहान हेलिक्स (अमिनो आम्लांच्या साखळीचे स्प्रिंगसारखे वेढे) आणि त्यांच्यामधले एक वळण अशी रचना असते. त्यांपैकी एक हेलिक्स डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरून बेसच्या कडा ओळखतो. त्याला आम्ही ओळख-हेलिक्स म्हणतो. डायमरमध्ये असे दोन ओळख-हेलिक्स असतात आणि ते एकाच वेळी शेजारशेजारच्या दोन खाचांत बसायचे असतील, तर त्यांच्यामधले अंतर ३.४ नॅनोमीटरच्या आसपास असावे लागते आणि दोघांची दिशाही जुळावी लागते. शिडी धरणाऱ्याच्या दोन हातांना जसे पायऱ्यांमधले अंतर पाळावेच लागते, तसेच हे आहे. हे अंतर काही दशांश नॅनोमीटरने वाढले किंवा एक हेलिक्स थोडा फिरला, तर प्रथिन डीएनएवर टिकत नाही. म्हणून नियामक प्रथिनाची नवी रचना हाती आली की मी प्रथम हे अंतर मोजतो आणि मगच बाकीचे पाहतो.

घटसर्पाचा जीवाणू हे याचे सर्वांत सरळ उदाहरण आहे. घटसर्पाच्या विषाचे जनुक मुळात जीवाणूचे नसून त्याच्या गुणसूत्रात शिरून बसलेल्या फाज विषाणूचे (जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूचे) आहे. मात्र त्यावर ताबा ठेवणारे डीटीएक्स-आर हे प्रथिन जीवाणूच्या स्वतःच्या जनुकातून येते. लोह भरपूर असताना विष तयार होत नाही, हे निरीक्षण १९३०च्या दशकापासून माहीत आहे. लशीसाठी हे विष मोठ्या प्रमाणावर तयार करताना माध्यमातले लोह कमी ठेवावे लागते, ते याच कारणाने. आपले शरीर ट्रान्सफेरिन आणि लॅक्टोफेरिन यांसारख्या प्रथिनांच्या साहाय्याने मोकळे लोह जवळजवळ संपवून टाकत असल्यामुळे, लोहाचा तुटवडा ही जीवाणूसाठी ‘आपण शरीरात आहोत’ याची खात्रीची खूण ठरते.

ही खूण प्रथिनात कशी वाचली जाते हे १९९०च्या दशकातील स्फटिकरचनांमधून स्पष्ट झाले. डीटीएक्स-आरमध्ये धातूसाठी दोन जागा आहेत. त्या रिकाम्या असताना प्रथिनाच्या अगदी सुरुवातीची काही अमिनो आम्ले हेलिक्सच्या रूपात असतात आणि तो हेलिक्स डीएनएच्या वाटेत येतो. धातू बसला की त्या टोकाचा हेलिक्स उलगडतो, अडथळा दूर होतो, दोन्ही ओळख-हेलिक्स योग्य जागी येतात आणि प्रथिन विषाच्या जनुकासमोरचा डीएनए पकडते. तेथे एक नव्हे, तर दोन डायमर डीएनएच्या विरुद्ध बाजूंनी बसतात आणि जनुक वाचून आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या एंझाइमची वाट अडते. लोह नाहीसे झाले की हीच क्रिया उलट दिशेने होते आणि विष तयार होऊ लागते.

या प्रथिनावर काम करणाऱ्यांना एक अडचण नेहमी येते. त्याच्या १०२व्या स्थानी असलेले सिस्टीन हे अमिनो आम्ल धातूच्या जागेचाच भाग आहे आणि ते हवेत लवकर ऑक्सिडाइझ होते; तसे झाले की प्रथिन धातू धरत नाही. शिवाय फेरस लोहही हवेत टिकत नाही. त्यामुळे डीएनएसह जी रचना मिळवण्यात आली, तिच्यात त्या सिस्टीनच्या जागी अ‍ॅस्पार्टेट घातलेले होते आणि लोहाऐवजी निकेल वापरलेले होते. अशा रचनेतील मोठे बदल विश्वासार्ह असतात. परंतु धातूभोवतीचे बारीक तपशील वाचताना आपण जीवाणूतले हुबेहूब प्रथिन पाहत नाही, याचे भान ठेवावे लागते.

कॉलऱ्याच्या जीवाणूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. येथेही विषाचे जनुक फाजमधूनच आलेले आहे, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. ते जनुक आणि आतड्यात वसाहत करण्यासाठी लागणाऱ्या तंतूंची जनुके टॉक्स-टी हे प्रथिन चालू करते. पित्ताच्या सान्निध्यात ही जनुके मंदावतात, हे आधीच माहीत होते, पण पित्तातला कोणता घटक कोठे काम करतो हे नीट उलगडत नव्हते. २०१० मध्ये टॉक्स-टीची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रथिनाच्या आत एक लांबट रेणू बसलेला दिसला, जो स्फटिक करताना कोणीही मुद्दाम घातलेला नव्हता. तो १६ कार्बनांचे असंतृप्त मेदाम्ल, म्हणजे पामिटोलेइक आम्ल, निघाला. त्याचे आम्लधर्मी टोक लायसिन या अमिनो आम्लाच्या दोन घटकांनी धरलेले होते: ३१व्या स्थानचे लायसिन प्रथिनाच्या पुढच्या भागातले आणि २३०व्या स्थानचे मागच्या, डीएनएला धरणाऱ्या भागातले. म्हणजे मेदाम्लाने प्रथिनाचे दोन भाग एकमेकांना बांधून ठेवले होते आणि त्या बांधलेल्या अवस्थेत डीएनए पकडणारे हेलिक्स डीएनएवर बसण्याजोग्या दिशेने उभेच राहत नव्हते.

यातून निघणारा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान आतड्याच्या पोकळीत पित्तातली मेदाम्ले असतात. तेथे टॉक्स-टी बांधलेले राहते. जीवाणू श्लेष्मल थर ओलांडून आतड्याच्या अस्तराजवळ पोहोचतो तेव्हा मेदाम्लांचे प्रमाण घटते, प्रथिन मोकळे होते आणि योग्य ठिकाणी, योग्य वेळी विष तयार होते, असे चित्र उभे राहते. आतड्यातील जागेनुसार मेदाम्लाच्या प्रमाणाचे हे अनुमान वेगळ्या पुराव्याने तपासावे लागते, केवळ रचनेवरून ते सिद्ध होत नाही. परंतु ओलेइक आम्लासारखी मेदाम्ले दिली की विषाची व तंतूंची जनुके मंदावतात हे जीवाणूंवर दाखवले गेले आहे, आणि रचना त्याच्याशी पूर्णपणे जुळते. कोणता प्रयोग करावा हे सुचवणारी रचना मला नेहमीच सर्वांत मोलाची वाटते.

लिस्टेरियाच्या प्रफ-ए या प्रथिनाकडे थोडे अधिक बारकाईने पाहू, कारण येथे रचना, जीवाणूचे वर्तन आणि औषधाची शक्यता ही तिन्ही एकाच ठिकाणी दिसतात. लिस्टेरिया मातीत आणि कुजणाऱ्या वनस्पतींवर निवांत जगतो. अन्नातून शरीरात गेल्यावर पेशीच्या आत शिरतो, पेशीने त्याला बंदिस्त केलेली पिशवी फोडतो आणि पेशीद्रवात वाढतो. या साऱ्या कामांच्या जनुकांवर प्रफ-ए चे नियंत्रण असते. ते सीआरपी या जीवाणूंतील सुपरिचित नियामक प्रथिनाच्या (रक्ततपासणीतल्या सीआरपीच्या नव्हे) कुळातले आहे. मात्र सीआरपी चक्रीय एएमपी या लहान संकेत-रेणूने सक्रिय होते, तसे प्रफ-ए होत नाही. त्याला सक्रिय करणारा रेणू ग्लुटाथायोन (तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू) आहे, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. आपल्या पेशींच्या आत ग्लुटाथायोन विपुल असते, आणि जीवाणू स्वतःही ते तयार करतो.

ग्लुटाथायोन नसताना प्रफ-ए चे डीएनए पकडणारे हेलिक्स स्थिर नसतात. रचनेत तो भाग अस्पष्ट दिसतो, कारण तो एका जागी थांबतच नाही. प्रथिनाच्या पुढच्या आणि मागच्या भागांमध्ये एक बोगद्यासारखी पोकळी आहे. ग्लुटाथायोनचा रेणू तीत बसला की तो डगमगणारा भाग घट्ट होतो आणि दोन्ही ओळख-हेलिक्स डीएनएला जुळतील असे उभे राहतात. या प्रथिनाच्या एका उत्परिवर्तित रूपात १४५व्या स्थानच्या ग्लायसिनऐवजी सेरीन असते. ते स्थान डीएनएला प्रत्यक्ष स्पर्श करत नाही. तरीही या एका बदलामुळे प्रथिन कायमचे सक्रिय अवस्थेत राहते, कारण हेलिक्स मुळातच योग्य जागी बसतात. अशा जीवाणूंत रोगकारक जनुके प्रयोगशाळेच्या माध्यमातही धडाक्याने चालू असतात; मात्र शरीराबाहेर, मूळ जातीबरोबर एकत्र वाढवले असता, ते मागे पडतात. कळ सतत चालू ठेवण्याची किंमत जीवाणूला मोजावी लागते, याचा इतका थेट पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

प्रफ-ए ज्या डीएनए-खुणेवर बसते, ती १४ बेस-जोड्यांची आणि दोन्ही बाजूंनी सममित असते. लिस्टेरिओलायसिन हे पिशवी फोडणारे प्रथिन ज्या जनुकापासून बनते, त्याच्यासमोरची खूण निर्दोष आहे. त्यामुळे थोडेसे सक्रिय प्रफ-ए असले तरी ते जनुक चालू होते. पेशीद्रवात हालचाल करण्यासाठी लागणाऱ्या ॲक्ट-ए प्रथिनाच्या जनुकासमोरच्या खुणेत मात्र एक जोडी जुळत नाही. म्हणून तेथे पुष्कळ आणि पूर्ण सक्रिय प्रफ-ए लागते. परिणामी आधी पिशवी फुटते आणि नंतर हालचालीची सामग्री तयार होते. हा क्रम राखण्यासाठी वेगळे घड्याळ लागत नाही. प्रथिनाचा आकार आणि खुणेतला एक दोष यांच्या मेळातून तो आपोआप साधतो. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे: प्रफ-ए किती तयार व्हावे, हे काही अंशी त्याच्या आरएनएच्या घडीवर ठरते, जी थंडीत मिटलेली असते आणि ३७ अंश सेल्सिअसला उलगडते. जनुक नियमनाचे सगळे श्रेय प्रथिनांनाच देणे बरोबर नाही.

तापमान थेट प्रथिनेही ओळखतात. येर्सिनिया या जीवाणूंच्या कुळातील रोव्ह-ए हे प्रथिन २५ अंशांना डीएनए घट्ट धरते आणि पेशीत शिरण्यासाठी लागणारे इन्व्हेसिन तयार करवते. ३७ अंशांना त्याची रचना सैल होते, डीएनएवरची पकड ढिली पडते आणि सैल झालेले प्रथिन पेशीतल्या लॉन प्रोटिएज या प्रथिने तोडणाऱ्या एंझाइमच्या तावडीत सापडते. साल्मोनेला आणि शिगेला यांच्यातील एच-एनएस हे प्रथिन वेगळ्या पद्धतीने काम करते. ते एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवते आणि बाहेरून आलेल्या, ॲडेनिन-थायमिन अधिक असलेल्या डीएनएला झाकून गप्प ठेवते. रोगकारक जनुकांपैकी पुष्कळशी अशी बाहेरून आलेली असतात, म्हणून हे झाकण महत्त्वाचे. शरीराच्या तापमानाला साखळीतला एक जोड सुटू लागतो आणि झाकण विरळ होते. उरलेले काम तेथे पोहोचणारी विशिष्ट सक्रियक प्रथिने करतात.

समूहाची गणना करणाऱ्या, म्हणजे जीवाणूंनी सोडलेल्या संकेत-रेणूंवरून आसपास आपले भाईबंद किती आहेत हे ओळखणाऱ्या, प्रथिनांविषयी थोडक्यात सांगतो. स्यूडोमोनासचे लास-आर आणि वनस्पतींना गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमचे ट्रा-आर ही प्रथिने संकेत-रेणूभोवती घडी घालतात. ट्रा-आरच्या २००२ मधील रचनेत तो रेणू प्रथिनाच्या गाभ्यात पूर्णपणे बुडालेला दिसतो. संकेत नसेल तर प्रथिन नीट घडतच नाही आणि लवकर नष्ट होते. प्रयोगशाळेत लास-आर तयार करताना माध्यमात संकेत-रेणू घातला नाही तर विरघळणारे प्रथिन हाती येत नाही, हा त्याच गोष्टीचा रोजच्या कामातला प्रत्यय आहे.

एका अमिनो आम्लाचे मोल किती असू शकते, यासाठी मी क्षयरोगाच्या जीवाणूचे उदाहरण देतो. १९०५ मध्ये एका रुग्णापासून वेगळ्या केलेल्या एच३७ या वाणातून पुढे दोन वाण निघाले: रोग निर्माण करणारा एच३७आरव्ही आणि रोगक्षमता गमावलेला एच३७आरए. दोन्ही जगभरच्या प्रयोगशाळांत अनेक दशके वापरात आहेत. जनुकक्रम तुलना केल्यावर त्यांच्यात अनेक फरक आढळले; त्यांपैकी एक फो-पी या नियामक प्रथिनात होता. २१९व्या स्थानी सेरीनऐवजी ल्युसिन आले होते, आणि हे स्थान नेमके ओळख-हेलिक्सवर आहे. त्यामुळे प्रथिन डीएनए नीट धरत नाही, जीवाणूच्या आवरणातले विशिष्ट मेद तयार होत नाहीत आणि इएसएटी-६ हे महत्त्वाचे प्रथिन बाहेर सोडले जात नाही. एच३७आरएमध्ये निर्दोष फो-पी परत घातले तर रोगक्षमता काही अंशी परत येते, पूर्ण येत नाही. म्हणजे इतर फरकांचाही त्यात वाटा आहे. जनुकक्रम पाहून ‘येथे एक बदल आहे’ एवढेच कळले असते. तो बदल एवढा घातक का, हे रचनेमुळे कळले. फो-पी चे जनुक काढून टाकलेली एमटीबीव्हॅक ही जिवंत लस झारागोझा विद्यापीठातील संशोधनातून पुढे आली आणि तिच्या चाचण्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचल्या आहेत.

आता एक प्रश्न हमखास येतो: अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचे भाकीत करणारे अल्फाफोल्ड हे संगणकीय साधन असताना प्रयोगाने रचना ठरवण्याची गरज काय उरली? २०२१ नंतर या साधनाने आमचे काम खरोखर सोपे केले आहे, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याच्या निर्मात्यांना मिळाले ते योग्यच होते. पण नियामक प्रथिनाच्या बाबतीत आपल्याला एक रचना नको असते. किमान दोन हव्या असतात, सक्रिय आणि निष्क्रिय, आणि त्यांच्यातला फरक हवा असतो. भाकीत केलेली रचना बहुधा यांपैकी एकच अवस्था दाखवते आणि ती कोणती, हे नेहमी सांगता येत नाही. टॉक्स-टीच्या पोटातले मेदाम्ल केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून कोणी शोधले असते असे मला वाटत नाही. दुसऱ्या बाजूने, स्फटिकातली रचनाही अंतिम पुरावा नव्हे. ज्या अमिनो आम्लावर बोट ठेवले ते बदलून पाहावे, डीएनएवरची पकड मोजावी, जिवंत जीवाणूत जनुक खरोखर बंद पडते का ते बघावे आणि मग संसर्गाच्या प्रतिरूपात तपासावे. ही साखळी पूर्ण झाली असेल तरच मी रचनेवरून काढलेला निष्कर्ष मान्य करतो.

औषधांच्या दृष्टीने या ज्ञानाचा उपयोग दोन दिशांनी होतो. पहिली दिशा कळ बंद ठेवण्याची आहे. प्रफ-ए च्या ज्या पोकळीत ग्लुटाथायोन बसते, तीच पोकळी काही लहान पेप्टाइडांनी अडवली तर प्रथिन निष्क्रिय राहते; उमिया विद्यापीठातील गटाने वलययुक्त २-पायरिडोन प्रकारची संयुगे याच पोकळीत बसवून दाखवली आहेत. अशी संयुगे जीवाणूला मारत नाहीत, फक्त निःशस्त्र करतात, त्यामुळे प्रतिरोध निर्माण होण्याचा दाब कमी राहील अशी आशा असते. ती आशा सरसकट खरी ठरेल असे मी मानत नाही, कारण शरीरात निःशस्त्र होणे हाही जीवाणूवर दाबच असतो आणि १४५व्या स्थानच्या बदलासारखा एखादा बदल प्रथिनाला पुन्हा मोकळे करू शकतो.

दुसरी दिशा मला अधिक आश्वासक वाटते. क्षयरोगावरचे इथिओनामाइड हे औषध घेतले जाते तेव्हा निष्क्रिय असते. जीवाणूतले एथ-ए हे एंझाइम त्याला सक्रिय करते, पण एथ-आर हे प्रथिन त्या एंझाइमचे जनुक दाबून ठेवते. म्हणून औषधाची मात्रा जास्त लागते आणि रुग्णाला दुष्परिणाम सोसावे लागतात. २००४ मधील एथ-आरच्या रचनांमध्ये प्रथिनाच्या आत एक लांब, तेलकट पोकळी दिसली आणि तीत काही बसले असताना दोन ओळख-हेलिक्स डीएनएच्या खाचांना जुळणार नाहीत इतके दूर गेलेले आढळले. मग त्या पोकळीच्या मापाचे रेणू घडवण्यात आले. लील येथील गटाने २००९ मध्ये दाखवले की असा रेणू सोबत दिला तर उंदरांमध्ये इथिओनामाइडचा परिणाम लक्षणीय वाढतो. त्यानंतर याच विचाराने जीवाणूतील इतर नियामक प्रथिनांना लक्ष्य करून, इथिओनामाइड सक्रिय करणारे पर्यायी एंझाइम चालू करणारी संयुगे तयार झाली आणि त्यांपैकी एक मानवी चाचण्यांपर्यंत गेले. एथ-ए चे जनुकच बिघडलेल्या, म्हणजे इथिओनामाइडला दाद न देणाऱ्या जीवाणूंवरही या पर्यायी वाटेमुळे जुने औषध पुन्हा लागू पडण्याची शक्यता निर्माण झाली आहे.